मांडीवर ठेवावी

बाई गेल्या हे मला कळले, त्या वेळी माझ्या झाकणावर एका माणसाचे दोन्ही बूट होते.

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी औषधपेटी आहे. रंग पांढरा, आता जागोजागी उडालेला. झाकणावर लाल अक्षरे आहेत : ‘बसू नये. उभे राहू नये. मांडीवर ठेवावी.’ ज्याचे बूट माझ्यावर होते त्या माणसाला वाचता येते. तो आमच्या चर्चच्या सेवामंडळाचा सचिव आहे. हे मंडळ वर्षातून दोनदा लांबच्या वस्त्यांवर कामाला जाते. त्या दिवशी आम्ही डोंगरावरच्या एका शाळेत आलो होतो. काम सुरू करण्याआधी पहिल्या गाडीतल्या सगळ्यांचा फोटो काढायचे ठरले. मंडळाच्या नावाचा कापडी फलक जरा उंच बांधला गेला होता आणि सचिवांचे डोके त्याच्यापर्यंत पोचत नव्हते. म्हणून त्यांनी मला पायाखाली घेतले.

एक फोटो निघाला, तेवढ्यात आमची मागे राहिलेली दुसरी गाडी धुरळा उडवत फाटकातून आत आली. ती पुरती थांबण्याआधीच शिवणाच्या ताईंनी दार उघडून उडी टाकली. या ताई कपडे शिवतात, म्हणून सगळे त्यांना शिवणताई म्हणतात.

“पेटी! पेटी कुठाय? अरे, पेटी द्या कुणीतरी!”

फोटोसाठी हसलेली तोंडे तशीच उघडी राहिली. सचिव म्हणाले, “कसली पेटी?”

ते माझ्यावरच उभे होते.

ताईंनी त्यांना दोन्ही हातांनी ढकलले. माझी किल्ली बाईंच्या गळ्यात दोरीला असायची, ती ताईंनी गाडीतून ओढूनच आणली होती. त्यांनी कुलूप उघडले. गांधीलमाशी चावून श्वास अडकला तर द्यायची सुई कुठल्या कप्प्यात आहे ते त्यांना ठाऊक होते. त्यांनी ती नेऊन बाईंना टोचली. पण बाईंचा श्वास वाटेतच थांबला होता. सुई चांगली होती, मुदतीतली होती. घेणारे माणूस उरले नव्हते.

हे असे का झाले ते तुम्हाला समजायला हवे, म्हणून पहिल्यापासून सांगते.

बाई एका लहान दवाखान्यात परिचारिका होत्या. त्यांचे पती पत्र्याचे काम करतात. बादल्या, डबे, पन्हळी, जे पडेल ते. त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. मला त्यांनीच घडवले.

सोळा वर्षांपूर्वी बाई मंडळाबरोबर पहिल्यांदा गेल्या तेव्हा मी नव्हते. औषधे एका पिशवीत होती, पिशवी एका बॅगेत होती आणि बॅग बसच्या टपावर सगळ्यात खाली होती. वाटेत एका आजोबांच्या छातीत कळ आली. सगळे सामान उतरवून पिशवी सापडेपर्यंत आजोबा निळे पडले. ते वाचले, पण बाई घरी आल्या त्या चप्पलही न काढता मिस्त्रींसमोर उभ्या राहिल्या.

“अहो, मला एक पेटी करून द्या. माझ्या मांडीवर मावेल एवढी. मी ती खाली ठेवणारच नाही.”

“बस इथं,” मिस्त्री म्हणाले आणि टेप काढली.

“मांडीचं माप घेणारा मिस्त्री पहिल्यांदाच बघतेय.”

“फ्रॉक शिवतोय का मी? हलू नकोस.”

त्या मापाची मी. पत्रा कापून, कडा आत दुमडून, सांधे पक्के करून मिस्त्रींनी मला दोन दिवसांत उभे केले. कोपरे त्यांनी मुद्दाम गोल केले, गाडीने गचका खाल्ला तर बाईंच्या पोटात घुसू नयेत म्हणून. आत चार कप्पे केले. वर धरायला लोखंडी कडी बसवली, दोन रिव्हेट, म्हणजे पत्र्यात ठोकून बसवायचे खिळे, मारून. ती कडी लक्षात ठेवा.

बाईंनी झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आणि त्यावर प्रवासाचे नियम लिहिले. दर प्रवासाला एखादी ओळ वाढायची. बहुतेक ओळींच्या मागे कुणाची तरी चूक होती. एक सेवक नवे कोरे बूट घालून डोंगर चढला आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच चौघांनी उचलून आणले, तेव्हा ‘नवे बूट घरी आठ दिवस वापरून मगच आणावेत’ ही ओळ आली. एकदा चालकमामांना झोप लागता लागता गाडी खड्ड्याच्या काठावर थांबली. तेव्हा लिहिले गेले, ‘पहिले ताट चालकाचे, पहिली खाट चालकाची’. ते वाचून चालकमामा म्हणाले होते, “बाई, हे माझ्या बायकोलाही लिहून द्या.” आणि दोन गाड्या असतील तर एकीने दुसरीच्या नजरेआड जायचे नाही, ही ओळ पहिल्याच वर्षापासून होती.

निघण्याच्या पंधरा दिवस आधी बाई सगळ्यांना बोलावून तो कागद वाचून दाखवायच्या. माणसे जांभया द्यायची. कुणी मागून म्हणायचे, “आल्या कंडक्टरबाई.” बाई चष्म्यावरून बघायच्या आणि तीच ओळ पुन्हा वाचायच्या. वाचून झाले की प्रत्येकाने एक पाकीट भरून द्यायचे. पाकिटावर नाव, आजार, काय चालत नाही, काही झाल्यास कुणाला कळवावे. आत त्याची रोजची औषधे, चार दिवसांची जास्तीची. तेवढीच औषधे त्याने स्वतःच्या खिशातही ठेवायची. एक जोडी हरवली तर दुसरी असावी, एवढाच हिशोब. पाकिटे माझ्या दुसऱ्या कप्प्यात उभी राहायची आणि पाकीट दिल्याशिवाय बाई कुणाला गाडीत चढू द्यायच्या नाहीत. एकदा त्यांनी पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंना, पायरीवरून खाली उतरवले होते.

“बाई, मी पाळक आहे.”

“पाळकांना रक्तदाब असतो, साहेब. पाकीट.”

आणि गणती. ती आमची खास गोष्ट होती. प्रत्येकाला एक नंबर. गाडी निघताना आणि प्रत्येक थांब्यानंतर ज्याने त्याने आपला नंबर स्वतःच्या तोंडाने म्हणायचा. डोकी मोजायची नाहीत, कारण मोजणाऱ्याला जे हवे असते तेच तो मोजतो, असे बाई म्हणायच्या. बाईंचा नंबर कायम शेवटचा. शेवटच्या प्रवासात तो एकतीस होता. एकतीस म्हणून झाले की त्या माझ्या झाकणावर थाप मारायच्या आणि म्हणायच्या, “बत्तीस.” बत्तीस म्हणजे मी. ती थाप ऐकल्याशिवाय चालकमामा गाडीला किल्ली लावत नसत.

घरी राहणाऱ्यालाही काम होते. एक माणूस घरी, फोनपाशी, सगळ्या पाकिटांची नक्कल वहीत घेऊन. काही झाले तर गाडीतून फक्त नंबर सांगायचा, घरचा माणूस वही बघून नातेवाइकांना कळवणार. हे काम सोळा वर्षे मिस्त्रींनी केले.

तुम्हाला वाटेल, सेवेला जाणारी माणसे म्हणजे सगळी सोन्यासारखी असणार. मी त्यांना आतून पाहिले आहे. माझ्या कडीखाली चघळलेला डिंक चिकटवून ठेवणारी माणसे होती. माझ्या झाकणावर ओले मोजे वाळत घालणारे होते. खोकल्याच्या औषधाचे झाकण अर्धवट लावून बाटली परत ठेवणारे होते. ते गोड चिकट औषध माझ्या तळाशी पसरायचे, त्यात कापूस आणि केस अडकायचे, मुंग्या यायच्या. बाई चिमट्याने एकेक केस काढायच्या.

त्याहून ओंगळ होती ती चर्चच्या ओसरीतली देणगीची खोकी. वर सुंदर अक्षरात ‘गरजूंसाठी’ लिहिलेले. प्रवासाआधी ती खोकी बाईंच्या घरी यायची आणि बाई, मिस्त्री दोघे जमिनीवर बसून निवडायचे. एका पायाचा बूट. काखेत पिवळा पडलेला सदरा. कुणाचे तरी दात घासून झिजलेले ब्रश, चार वर्षांपूर्वी मुदत संपलेल्या गोळ्या, निम्मे वापरलेले मलम ज्यावर बोटाचा ठसा तसाच. एकदा एका कोटाच्या खिशात अर्धे चावलेले बिस्किट निघाले. मिस्त्री उठून बाहेर गेले आणि हात धुऊन आले.

“गरजू म्हणजे काय कचराकुंडी आहे का?” बाई म्हणाल्या. “आपल्या बहिणीला जे देणार नाही ते गाडीत चढणार नाही. लिहा हो, कागदावर लिहा.”

मुदत संपलेले औषध माझ्या कप्प्यात कधीच आले नाही. एवढा एक अभिमान मला आहे.

दोन वर्षांपूर्वी जुने सचिव थकले आणि हे नवे आले. माणूस उत्साही. त्यांनी फलक शिवून घेतला, सगळ्यांना सारख्या टोप्या दिल्या. गणतीला वेळ फार जातो, मोबाइलमध्ये घेतली तर कंटाळवाणी दिसते, म्हणून त्यांनी गणतीऐवजी गाणे सुरू केले. गाडी सुटताना सगळ्यांनी टाळ्या वाजवत गायचे आणि सचिव खिडकीतून हात बाहेर काढून ते टिपणार. बाईंनी विरोध केला.

“गाण्यात एक आवाज कमी झाला तर कुणाला कळणार?”

“बाई, आता जग पुढे गेलंय,” सचिव म्हणाले.

बाई हळू आवाजात गणती घेत राहिल्या. टाळ्यांत ती ऐकू येत नसे.

आता कडीचे सांगते. त्या शेवटच्या प्रवासाच्या महिनाभर आधी माझ्या कडीचे एक रिव्हेट हलू लागले.

“अहो, कडी डुगडुगतेय.”

“बघतो.”

आठ दिवसांनी पुन्हा, “अहो, कडी.”

“बघतो म्हटलं ना.”

“तुमचं बघतो म्हणजे पुढच्या वर्षी.”

मिस्त्री त्या शाळेसाठी पन्हळी करत होते. शाळेच्या छपराचे पाणी टाकीत उतरवायचे होते, म्हणजे तिथल्या मुलींचे दरीतून पाणी वाहणे थांबले असते. दोन रिव्हेट मारायला त्यांना पाव तास लागला असता. तो पाव तास त्या महिन्यात आला नाही. मी त्यांच्यावर माया करते, पण हे मी झाकून ठेवणार नाही.

निघायच्या सकाळी बाईंनी मला उचलले आणि कडी त्यांच्या हातात आली. मी खाली पडले. बाईंनी कडी पिशवीत टाकली आणि मला दोरीने बांधले. सचिव जवळच होते.

“बाई, ही दोरीची गाठोडी मांडीवर घेऊन बसणार? कोपरे टोचतील. पुढच्या गाडीत पन्हळींवर सपाट जागा आहे. तीन तासांचा तर प्रश्न.”

माझे कोपरे गोल आहेत. ते कशासाठी गोल केले ते तुम्हाला माहीत आहे.

बाईंच्या शेजारी एक वयस्क मावशी बसणार होत्या, त्यांना गाडी लागायची, त्यांना धरायला दोन्ही हात मोकळे हवेत असे बाईंना वाटले. त्या म्हणाल्या, “बरं. तेवढ्यापुरती.” सोळा वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांच्या मांडीवरून उतरले. आणि बाईंनी स्वतःचे पाकीट कधी भरले नव्हते, की खिशात दुसरी सुई ठेवली नव्हती. मिस्त्री विचारायचे तेव्हा त्या म्हणायच्या, “पेटी माझ्याच मांडीवर असते ना? मग मला कशाला दोन?” सगळ्यांना दोन लावणाऱ्या बाई स्वतः एकीवर भागवत होत्या. त्यांना गांधीलमाशीचे विष सोसत नाही हे त्यांना पूर्वीच्या एका प्रसंगावरून चांगले माहीत होते.

गाड्या सुटल्या. टाळ्या वाजल्या. मागच्या गाडीत कुणी बत्तीस म्हटले नाही.

फलक आधी लागायला हवा, म्हणून सचिवांनी पुढची गाडी दामटली. अर्ध्या तासात मागची गाडी दिसेनाशी झाली. माझ्यावर कुणीतरी पाय पसरले, कुणाचे तरी गोड थंड पेय सांडले आणि दोरीत मुरले. मागे काय झाले ते मी नंतर ऐकले. मावशींना मळमळले म्हणून मागची गाडी एका झाडाखाली थांबली. कुणीतरी तसलेच गोड पेय उघडून बाहेर ठेवले. त्यावर गांधीलमाश्या आल्या. मावशींचा हात तिकडे गेला, तो बाईंनी बाजूला सारला आणि माशी बाईंच्या मानेला डसली.

बाईंना लगेच समजले. त्या म्हणाल्या, “पेटी.” मग त्यांनीच आपल्या रिकाम्या मांडीकडे पाहिले. हे शिवणताईंनी सांगितले. फोन लागत नव्हते. चालकमामांनी गाडी अशी हाणली की एक आरसा कठड्याला घासून गेला. ताई बाईंचे डोके धरून बसल्या होत्या. फाटक दिसायला लागले तेव्हा डोके जड झाले.

त्यानंतर जे झाले ते तुम्ही ऐकलेच आहे.

शाळेतल्या फोनवरून चालकमामांनी मिस्त्रींना फोन लावला. मी टेबलावर उघडीच पडले होते, मला पलीकडचा आवाज ऐकू आला. मिस्त्री सवयीने म्हणाले, “नंबर सांगा.”

चालकमामांनी टोपी काढून माझ्याशेजारी ठेवली.

“अहो, नंबर बोला. वही उघडलीय मी.”

“एकतीस,” चालकमामा म्हणाले.

पान उलटल्याचा आवाज आला. पाकीट नव्हते तरी मिस्त्रींनी वहीत बायकोची ओळ स्वतःच लिहून ठेवली होती, आणि कुणाला कळवावे या रकान्यात स्वतःचा फोन. फोन ठेवायचेही त्यांना सुचले नाही. ताईंनीच इकडून ठेवला.

कुणीही पन्हळी बसवल्या नाहीत. सगळे परत आले. वाटेत गाडीतल्या एका बाकावर दोघांनी टोप्या काढून डबा खाल्ला आणि “हातातलं काम राहिलं बघ” असे म्हणाले. बाई त्याच गाडीत चादरीखाली होत्या.

दफनाच्या वेळी पाळकसाहेब बोलले. आवाज चांगला लावला होता. “देवाने आपल्या बागेतलं सर्वांत सुंदर फूल खुडून घेतलं.”

मिस्त्री पहिल्या रांगेत होते. ते उठले नाहीत, ओरडले नाहीत. बसल्या जागेवरूनच म्हणाले, “देवानं नाही, साहेब. पेटी पुढच्या गाडीत होती.”

मग कुणीतरी खोकले आणि गाणे सुरू झाले. टाळ्यांशिवाय.

महिनाभराने मंडळाचे वार्षिक पत्रक आले. पहिल्या पानावर तो फोटो होता. सगळे हसत आहेत, फलक नीट दिसतो आहे, सचिवांचे डोके बरोबर अक्षरांपाशी आहे. त्यांच्या बुटांखाली मी आहे. खाली छापले होते, ‘सेवेचा आनंद’. मिस्त्रींनी ते पान फाडले नाही. त्यांनी ते माझ्या शेजारी ठेवले आणि माझ्या झाकणावरचा बुटाचा वाळलेला चिखल त्याच्याशी ताडून पाहिला. तो चिखल त्यांनी पुसला नाही. मला स्वतःची शिसारी येत होती, तरी मला वाटले, नका पुसू.

मग ते माझ्या कडीच्या रिकाम्या भोकात करंगळीचे टोक घालून बसायचे. तासन् तास. जगातला सगळा पत्रा त्यांना वाकवता येतो, पण ते भोक त्यांना बुजवता येत नव्हते. सचिवांचा राग त्यांना यायचा, पण तो फार लांब जात नसे. तो त्या पाव तासापाशी येऊन थांबायचा.

एकदा सचिव दुकानात आले. हातात कागदाची सुरळी होती.

“काका, आम्ही चर्चच्या ओसरीत एक काचेचं कपाट करतोय. बाईंची आठवण. त्यात पेटी ठेवू, सोनेरी रंग देऊन. मागं बाईंचा फोटो, खाली छोटे दिवे.”

“पाकिटं भरली का लोकांनी?” मिस्त्रींनी विचारले.

“कसली?”

“पुढच्या प्रवासाची.”

“ते बघू हो. आधी कपाटाचं—”

“म्हणजे तुम्ही पेटीवर उभे राहिलात, ते कमी झालं. आता तिला काचेत कोंडून बिनपेटीचे जाणार.”

सचिवांचा चेहरा उतरला. ते स्टुलावर बसले. हातातली सुरळी गुंडाळत म्हणाले, “मला माहीत नव्हतं हो, काका. शपथेवर सांगतो. मी झाकणाकडं बघितलंच नाही.”

“तेच तर,” मिस्त्री म्हणाले. “लाल रंगात लिहिलंय. मी लिहिलंय. तीन वेळा रंग दिलाय त्याला.”

सचिव रडले. मिस्त्रींनी त्यांना पाणी दिले. पण मला त्यांच्या हवाली केले नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातले काही जण चार माणसे गोळा करून कुठे ना कुठे मदतीला निघतील. जरूर जा. पण चांगल्या कामाला निघालो म्हणून आपले वाईट होणार नाही, हा विचार घेऊन निघू नका. तो विचार मी फार जवळून पाहिला आहे, त्याला बुटांचा वास येतो. ज्यांच्याकडे जाता त्यांना आधी विचारा, काय हवे. त्यांचे फोटो काढण्याआधी विचारा. औषध हाताशी ठेवा, सामानात नाही. सुई कशी टोचायची ते एकालाच नाही, तिघांना येऊ द्या. ज्याला सगळ्यांची काळजी असते, त्याचे पाकीट कुणी भरले आहे का ते पाहा. आणि कडी डुगडुगते असे कुणी म्हणाले, तर हातातले काम खाली ठेवा.

परवा शिवणताई आल्या. त्यांना साखरेचा आजार आहे, रोज सुई घ्यावी लागते. तरी येत्या शनिवारी त्या पुन्हा त्याच शाळेत निघाल्या आहेत. शाळेतल्या शिक्षिकेचे पत्र आले होते : पन्हळी अजून अंगणात पडून आहेत, मुली अजून दरीत उतरतात.

“काका, मला पेटी द्या. कपाटात नको. माझ्या मांडीवर.”

मिस्त्रींनी ताईंच्या मांडीकडे पाहिले आणि पहिल्यांदाच थोडेसे हसले. “तू तिच्याहून बारीक आहेस. जड होईल.”

“होऊ दे. दर दोन तासांनी मावशी घेतील. त्यांना शिकवलंय मी सगळं, सुईसुद्धा. गणती तोंडानंच होणार, पाळकसाहेबांना सांगून आलेय. सचिवांना मागच्या गाडीत बसवलंय. पाकिटं सत्तावीस आली, सचिवांचंसुद्धा.” ताई थांबल्या. “आणि तुम्ही चला. पन्हळी तुमच्याशिवाय कुणाला बसवता येणार?”

“मी फोनपाशी असतो.”

“फोनपाशी पाळकसाहेब बसणार आहेत. मीच बसवलंय. म्हटलं, तुम्ही बोलता छान, आता जरा ऐका.”

ताईंनी एक कोरे पाकीट टेबलावर ठेवले आणि गेल्या.

आज शुक्रवार आहे. दुपारचे चार वाजले आहेत. मिस्त्रींनी मला सकाळी कामाच्या टेबलावर घेतले, आत गरम पाण्याने पुसून काढले, कप्पे वाळवले. बाईंचा कागद झाकणाला तसाच आहे. त्यांनी दोन नवी रिव्हेट काढली, कडी त्यांच्या शेजारी ठेवली, हातोडी ठेवली. मग ते पाकीट भरायला बसले. नाव लिहिले. वय लिहिले. आजार : गुडघे. काय चालत नाही : काही नाही. पुढचा रकाना आहे, काही झाल्यास कुणाला कळवावे. गेली तीस वर्षे त्यांनी प्रत्येक कागदावर तिथे एकच नाव लिहिले. पेन त्या रकान्यावर कधीचे टेकले आहे, शाईचा एक ठिपका मोठा होत चालला आहे.

उद्या सकाळी सहाला गाडी सुटते. तो रकाना रिकामा आहे, आणि माझी कडी अजून बसलेली नाही.